डीव्हीडीवरचा दशावतार फाइलमध्ये घेताना चित्रात रेघा, चौकोन आणि लाल रंगाला पायऱ्या: मदत हवी

तळकोकणी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. बाबा बरीच वर्षं एका दशावतारी मंडळात पेटी वाजवत. २००६ च्या जत्रेतला अख्खा दहीकाला, म्हणजे रात्रभराचा दशावतारी खेळ, गावातल्या एका शूटिंगवाल्याने मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर घेतला होता आणि नंतर आम्हाला दोन डीव्हीडींवर करून दिला. दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही. आख्यान ठरलेलं असतं, बाकी सगळं नट उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे त्या रात्री राजा आणि राक्षसाची जी जुगलबंदी झाली ती फक्त या दोन तबकड्यांवर आहे. पैकी एका तबकडीच्या कडेला आता ढगाळ डाग दिसायला लागलाय, म्हणून घाईने फाइल करायला घेतल्या.

बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. तबकड्या वाचल्या जातात. फाइलसुद्धा होते. पण चित्र बघवत नाही.

आधी एक फुकटचा कन्व्हर्टर वापरला. त्यात १९२०×१०८० निवडलं. नट आडवे पसरल्यासारखे दिसतात, आणि तलवारींचं युद्ध सुरू झालं की हात, तलवार, मुकुट सगळ्यावर आडव्या जाड रेघा. नट स्थिर उभा राहिला की रेघा गायब.

मग हँडब्रेक हा दुसरा कन्व्हर्टर घेतला, त्यातला ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट (तयार सेटिंग) जसाच्या तसा. रेघा गेल्या, माणसं प्रमाणात आली. पण युद्ध तुटक वाटतं. टीव्हीवर डीव्हीडी लावली की नटाची गिरकी सलग दिसते, फाइलमध्ये ती गिरकी टप्प्याटप्प्याने होते. शिवाय डावीकडची कड कापली गेली. वादक त्याच बाजूला बसतात. बाबांचा भात्यावरचा हात अर्धा चौकटीबाहेर गेलाय, आणि मला तोच हवाय.

दुसऱ्या तबकडीचं दुखणं वेगळं. पडद्यामागचा काळोख, बाकड्याखालची सावली, काळे केस, जिथे अंधार आहे तिथे चौकोन चौकोन वळवळतात. हँडब्रेकमधला आरएफचा, म्हणजे दर्जाचा, आकडा (कमी आकडा, मोठी फाइल) २२ वरून १६ पर्यंत खाली आणला. फाइल भरमसाट फुगली, चौकोन तसेच. ही तबकडी टीव्हीवरही युद्धाच्या वेळी थोडी थरथरते.

आणि दोन्ही तबकड्यांत राजाच्या लाल शेल्याच्या कडेला पायऱ्या दिसतात. पिवळ्या पितांबराला तसं काही होत नाही.

एच.२६५ (व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत) केलं तर सुधारेल का? एका मित्राने एआयने फोर-के करून घे असं सुचवलंय. करावं का?

रीळवाला

तळकोकणी, घाई करू नका आणि तबकड्या पुन्हा पुन्हा फिरवू नका. आधी दोन्ही तबकड्यांची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ, हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा. ढगाळ डाग असलेली तबकडी आधी. पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. गोल चरा माहितीच्या मार्गाच्या दिशेनेच जातो आणि सलग मोठा भाग वाचता येत नाही. आडव्या चऱ्यातून ड्राइव्ह सावरून घेतो.

ते झालं की मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. व्हिडिओ_टीएस फोल्डरमधली एक जीबीच्या आसपासची पहिली व्हीओबी फाइल त्यात उघडा आणि काय लिहिलंय ते इथे द्या. दोन्ही तबकड्यांचं वेगवेगळं. चित्राचा आकार, बिटरेट (सेकंदाला किती माहिती), स्कॅन टाइप, स्कॅन ऑर्डर आणि ऑडिओचा प्रकार एवढं हवं. प्रत्येक तबकडीवर किती वेळाचं चित्रण आहे तेही लिहा. त्याशिवाय बोलणं म्हणजे अंदाज.

तळकोकणी

दोन्हींच्या प्रतिमा उतरल्या. डागाळलेल्या तबकडीला फार वेळ लागला, पण शेवटपर्यंत वाचली गेली.

तबकडी पहिली: १ तास ५० मिनिटं. एमपेग-२, ७२०×५७६, ४:३, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, बॉटम फील्ड फर्स्ट. व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). ऑडिओ एसी-३, १९२ केबीपीएस.

तबकडी दुसरी: २ तास ५० मिनिटं. आकार, प्रमाण, फ्रेम तेच. इंटरलेस्ड, पण इथे टॉप फील्ड फर्स्ट असं लिहिलंय. व्हिडिओ १.८ एमबीपीएसच्या जवळपास. ऑडिओ पीसीएम, १५३६ केबीपीएस.

कॅमेरा, माणूस, रात्र एकच. मग दोन्हींत एवढा फरक कसा?

रीळवाला

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच दुसऱ्या तबकडीचं उत्तर आहे. पण पहिलीपासून सुरू करतो, कारण ती चांगली आहे आणि तिच्यातून जवळजवळ सगळं वाचवता येईल. मी मिनी डीव्हीच्या काळात कोल्हापुरात एका स्टुडिओत एडिटिंग करत असे. लग्नं, कुस्त्यांची मैदानं, गणपतीच्या मिरवणुका. असं चित्रण आतून कसं असतं ते मला पाठ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचे कॅमेरे पाल या टीव्ही पद्धतीचे. सेकंदाला २५ फ्रेम असं कागदावर म्हणतात, पण तो कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेळा बघतो. एका वेळी चित्राच्या ५७६ ओळींपैकी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपतो, आणि सेकंदाचा पन्नासावा भाग उलटल्यावर उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड एकात एक गुंफून एक फ्रेम लिहिली जाते, यालाच इंटरलेस्ड म्हणतात. नट स्थिर असेल तर दोन्ही फील्ड जुळतात. तलवार फिरत असेल तर पन्नासाव्या भागात ती पुढे गेलेली असते, आणि एकाच फ्रेममध्ये तलवार दोन ठिकाणी दिसते, कंगव्याच्या दातांसारखी. जुना काचेचा टीव्ही ही फील्ड एकामागून एकच दाखवायचा, त्यामुळे त्याला अडचण नव्हती. आजचा टीव्ही आतल्या आत गुंफण सोडवतो. तुमच्या पहिल्या कन्व्हर्टरने गुंफण न सोडवता ५७६ ओळी ओढून १०८० केल्या. त्यामुळे बारीक रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळल्या. ती फाइल आता कशानेही सुधारणार नाही, काढून टाका.

हँडब्रेकने गुंफण सोडवली, पण मुळातली पद्धत अशी की दोन फील्डमधून एकच फ्रेम ठेवायची. म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला ५० क्षण टिपले आणि फाइलमध्ये २५ आले. संथ गाण्यात, नांदीत हे कळणार नाही. युद्धनृत्यात मात्र गिरकीचा अर्धा भागच गळाला, आणि तुम्हाला जे तुटक दिसतंय ते तेच. यात फाइल लहान-मोठी करण्याचा काहीही संबंध नाही. आरएफ कितीही खाली आणा, गळलेला क्षण परत येत नाही.

म्हणून ५० क्षणांच्या ५० फ्रेम करायच्या. हँडब्रेकमध्ये प्रीसेट ‘फास्ट ५७६पी२५’ घ्या आणि त्यात बदल करा. फिल्टरच्या पानावर इंटरलेस डिटेक्शन बंद करा. डीइंटरलेसमध्ये यादिफ, किंवा तुमच्या आवृत्तीत असेल तर बीडब्ल्यूडिफ, आणि त्याच्या पुढच्या खान्यात ‘बॉब’, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम. डिटेक्शन बंद ठेवायचं कारण असं की ते चालू असलं तर ज्या फ्रेममध्ये रेघा सापडतात तेवढ्याच दुप्पट होतात, बाकीच्या तशाच राहतात, आणि वेग कमी-जास्त होत राहतो. कॅमेऱ्याने घेतलेलं सगळंच इंटरलेस्ड आहे हे आपल्याला माहीत आहे, शोधायचं काय? मग व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट स्वतः ५० निवडा आणि ‘कॉन्स्टंट’ करा. तिथे २५ किंवा ३० ची मर्यादा राहिली तर वर कमावलेलं खाली गळतं. बॉब निवडूनही फरक दिसत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी हाच खाना बघायला सांगतो.

एच.२६४ ठेवा. एन्कोडरचा वेग ‘स्लो’, आरएफ १८. एसडी, म्हणजे डीव्हीडीच्या दर्जाच्या, चित्रासाठी हँडब्रेकवालेच १८ ते २२ सुचवतात. इथे कॅमेऱ्याचा दाणा, म्हणजे चित्रातली वाळूसारखी खरखर, पुष्कळ आहे आणि ही तुमची जपायची प्रत आहे, म्हणून खालचा आकडा. लेव्हल ‘ऑटो’ असू द्या. ७२०×५७६ ला लेव्हल ३.० मध्ये २५ फ्रेमच बसतात, ५० साठी ३.१ लागते. कुठल्या जुन्या सल्ल्यावरून तिथे ३.० टाकलेलं असेल तर काढा. एच.२६५ ने त्याच दर्जाला फाइल लहान होईल इतकंच. तुमच्या एकाही तक्रारीवर ते औषध नाही.

चौकट: ‘क्रॉपिंग’ ऑटोमॅटिकवर असतं. ते चित्राचे काही नमुने घेऊन कडेची काळी पट्टी ओळखतं. तुमच्याकडे रात्र, एक पडदा, मध्ये बाकडं आणि त्यावर प्रकाश. वादकांच्या बाजूला बहुतेक नमुन्यांत काळोखच असणार, त्याला ती पट्टी वाटली. क्रॉपिंग ‘कस्टम’ करून चारही बाजूंना शून्य द्या. कडेला आठेक पिक्सेलची काळी फीत दिसेल, दिसू द्या. पेटीवाला महत्त्वाचा.

माणसं पसरण्याचं: डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. साठवण ७२०×५७६, पण ४:३ चं चित्र दाखवायचं ते ७६८×५७६ इतकं. ‘अॅनामॉर्फिक’ ऑटोमॅटिक असलं की फाइलमध्ये ही खूण जाते आणि प्लेअर बरोबर दाखवतो. १९२०×१०८० हे १६:९ आहे, ४:३ ला त्यात कोंबलं की राजा, राणी, विदूषक सगळे रुंद होणारच.

आता लाल शेला. डीव्हीडीत उजेड-अंधाराची माहिती ७२०×५७६ ठिकाणी असते, रंगाची मात्र ३६०×२८८ ठिकाणीच. पिवळा रंग मुळातच उजळ आहे, त्याची कड उजेडाच्या माहितीतून रेखीव मिळते. उजेड मोजण्याच्या एसडीच्या सूत्रात लालचा वाटा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७. पिवळ्यात हे दोन्ही असतात, भडक लालमध्ये फक्त पहिला. म्हणजे लाल शेला आणि मागचा काळोख यांच्यातला फरक बराचसा रंगाच्या त्या विरळ माहितीवर उभा आहे. त्यात गुंफलेलं चित्र सलग समजून रंग पसरवला की पायऱ्या दुप्पट ठळक होतात. बॉबनंतर पायऱ्या बऱ्याच विरतील. थोडा मऊपणा राहील, तो डीव्हीडीतच आहे. शार्पनचा फिल्टर लावून तो काढायला जाऊ नका, कडेला पांढरी किनार येते.

दुसरी तबकडी. एका थरातल्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. २ तास ५० मिनिटं म्हणजे १०,२०० सेकंद. भागाकार केला आणि थोडी जागा सोडली की आवाज आणि चित्र मिळून सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट हाती येतात. त्यातले १.५ बिनदाबाच्या पीसीएम आवाजाने खाल्ले. चित्राला १.८ उरले. पहिल्या तबकडीत आवाज एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेला, होता आणि वेळही कमी होता, म्हणून चित्राला ५ मिळाले. ज्याने तबकडी केली त्याने ‘एका तबकडीत बसव’ एवढंच सांगितलं असणार, आणि त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज पीसीएम हीच नेमणूक बहुधा असायची. चौकोन तबकडी करतानाच पडले. तुम्ही आरएफ १६ ला नेलात तेव्हा तुमच्या फाइलने ते चौकोन अधिक इमानाने जपले, म्हणून ती फुगली.

इथे दोन गोष्टी करता येतील. हँडब्रेकचा ‘डीब्लॉक’ (चौकोन मऊ करणारा फिल्टर) सर्वांत हलक्या पायरीवर, आणि ‘एनएलमीन्स’ डीनॉइज (खरखर काढणारा) ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’. त्यापुढे जाऊ नका. दशावताराची रंगभूषा म्हणजे बारीक रेषांचं काम, नटानं आपल्या हातानं चेहऱ्यावर काढलेलं. डीनॉइज जोरात लावलं की कपाळावरचं गंध, भुवईची वळणं सगळं पुसून मेणाचा चेहरा होतो. वळवळणारा अंधार पत्करला, पुसलेला चेहरा नको.

या तबकडीची थरथर फील्डच्या क्रमाची आहे असा माझा दाट संशय. डीव्ही कॅमेरा खालचं फील्ड आधी लिहितो, आणि पहिल्या तबकडीवर तसंच नोंदलं आहे. दुसरीवर ‘टॉप फर्स्ट’ अशी खूण पडली असेल पण चित्र खालचं फील्ड आधी असंच गेलं असेल, तर दर दोन क्षणांची अदलाबदल होते. हात पुढे, मागे, मग उडी मारून पुढे. तपासायला एक-दोन मिनिटांचं युद्ध बॉब करून घ्या, व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि ई ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. तलवार एकाच दिशेने सरकत असेल तर क्रम बरोबर. मागे-पुढे होत असेल तर डीइंटरलेस ‘कस्टम’ करून पॅरिटी, म्हणजे फील्डचा क्रम, हाताने द्या. ० म्हणजे वरचं आधी, १ म्हणजे खालचं आधी. तुम्हाला १ लागेल.

फोर-के आणि एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते सॉफ्टवेअर नसलेला तपशील रचतं. पोशाखी नटाचा रंगवलेला चेहरा त्याने कधी पाहिलेला नसतो. ते दुसऱ्याच कुणाचे डोळे तिथे बसवील. तुमच्याकडे त्या रात्रीचं जे आहे ते खरं आहे, ते खरं राहू द्या.

झांजनाद

रीळवाला यांनी चित्राचं सगळं सांगितलंय. मी आवाजाबद्दल बोलतो. मी गोव्यातल्या पेडण्याचा, आमच्याकडेही काल्याच्या रात्री पेटी, पखवाज आणि झांज याच क्रमाने कानात बसलेली आहे.

तळकोकणी, हँडब्रेकच्या ऑडिओच्या पानावर मुळात एएसी असतं. पहिल्या तबकडीचा एसी-३ आवाज ‘पासथ्रू’ करा, म्हणजे तो जसाच्या तसा फाइलमध्ये जाईल, पुन्हा दाबला जाणार नाही. दुसऱ्या तबकडीचा पीसीएम म्हणजे तुमचं घबाड आहे. चित्राचं नुकसान झालं, पण त्या बदल्यात आवाज न दाबलेला तुमच्याकडे आलाय. तो फ्लॅकमध्ये ठेवा, एमकेव्ही फाइलमध्ये बसतो आणि एक कणही हरवत नाही. झांजेचा खणखणाट हा कमी बिटरेटला सर्वांत आधी बिघडतो. त्याच्या मागेपुढे वाळू सांडल्यासारखी सळसळ येते आणि तिच्यात पेटीचे वरचे सूर बुडतात. बाबांची पेटी ऐकायची असेल तर इथे काटकसर नको.

दुसरं, व्हीओबी फाइल एकेक करून देऊ नका. डीव्हीडीवर एकच चित्रण एकेक जीबीच्या तुकड्यांत कापलेलं असतं, आणि तुकड्याच्या सांध्यावर आवाज पुढेमागे सरकतो. हँडब्रेकला आयएसओ किंवा अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या आणि आतलं सर्वांत लांब टायटल निवडा.

आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं: त्या शूटिंगवाल्याकडे कॅसेट आहेत का विचारलंत का? मिनी डीव्हीच्या कॅसेटवर चित्राला २५ एमबीपीएस असतात. चौकोनांचं दुखणं तिथे नाहीच. कॅसेट पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती हे खरं, पण जत्रेची कॅसेट लोक राखून ठेवत.

चौकटीपलीकडे

रीळवाला यांच्याशी सगळं पटतं, फक्त आकार न वाढवण्याला एक अपवाद जोडतो. तळकोकणी ही फाइल यूट्यूबवर चढवणार असतील तर ५७६ ओळींची ५० फ्रेमची फाइल चढवून उपयोग नाही. यूट्यूब ५० आणि ६० फ्रेम फक्त ७२० ओळी आणि त्यापुढेच दाखवतं, त्याखाली अर्ध्या करतं. एवढी मेहनत करून वाचवलेली गिरकी तिथे पुन्हा तुटेल. त्यासाठी वेगळी प्रत करावी: आधी बॉब, मग ९६०×७२० किंवा १४४०×१०८०, दोन्ही ४:३ आणि चौरस पिक्सेल. क्रम महत्त्वाचा, गुंफण सोडवल्याशिवाय आकाराला हात लावायचा नाही. घरची जपायची प्रत मात्र ५७६ चीच.

मुंबईतल्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओच्या वाटेने गेलं की तिथे पुन्हा दाबलं जातं आणि चौकोन परत येतात.

चढवण्याआधी मंडळाच्या मालकांना आणि त्यातल्या कलाकारांना विचारा. त्यांच्या रात्रीच्या मेहनतीची गोष्ट आहे.

तळकोकणी

सगळ्यांचे मनापासून आभार. जे झालं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

पहिली तबकडी: बॉब, ५० फ्रेम, आरएफ १८, क्रॉप शून्य, आवाज पासथ्रू. गिरकी सलग दिसते. राक्षस मांडी ठोकून उडी मारतो तिथे त्याच्या कमरेचे पट्टे हवेत कसे उघडतात तेही दिसतं, हे मी टीव्हीवरही इतकं नीट पाहिलं नव्हतं. डावीकडची कड परत आली. फाइल तबकडीच्या निम्म्याहून थोडी मोठी झाली, चालेल. लाल शेल्याच्या पायऱ्या जवळ जाऊन पाहिलं तरच दिसतात.

दुसरी तबकडी: संशय खरा. ई दाबत गेलो तेव्हा तलवार एक पाऊल पुढे, एक मागे अशी चालत होती. पॅरिटी १ दिल्यावर सरळ झाली. थरथर पूर्ण गेली. डीब्लॉक हलकं, एनएलमीन्स अल्ट्रालाइट. चौकोन आहेत, पण अंधारात आता कमी वळवळतात. ‘लाइट’ करून पाहिलं तर संकासुराच्या तोंडावरचं कापड सपाट झालं, म्हणून अल्ट्रालाइटच ठेवलं. आवाज फ्लॅक. पहाटेच्या भागात पेटी आणि पखवाज एकमेकांना उत्तरं देतात तिथे बाबांनी एक जागा ओळखली आणि त्यानंतर कुठला राग घेतला होता तेही सांगितलं. ते मी वेगळं लिहून ठेवलंय.

एक शंका उरली. दुसऱ्या तबकडीच्या सुरुवातीला मंडळाचं नाव झूम होत पडद्यावर येतं आणि मागे गणपतीचं दृश्य लहान-मोठं होतं. तेवढ्या भागात पॅरिटी १ देऊनही जाड रेघा आहेत. पुढे सगळं स्वच्छ.

शूटिंगवाल्याकडे विचारलं. स्टुडिओ बंद झालाय, पण कॅसेटचा एक खोका त्याच्या घरी माळ्यावर आहे म्हणतो. त्यात आमची जत्रा आहे का ते बघायला येत्या रविवारी जातोय. मिळाल्या तर उतरवायच्या कशा?

रीळवाला

टायटलच्या मागचं दृश्य एडिटिंगमध्ये गुंफण न सोडवता लहान-मोठं केलेलं आहे. ओळींची जागाच बदलली, वरचं फील्ड कुठलं आणि खालचं कुठलं हे तिथे उरलेलं नाही. तुमच्या पहिल्या कन्व्हर्टरने जे केलं तेच, फक्त २००६ मध्ये. सोडून द्या, काही सेकंदांचं आहे. कॅसेटवर तेच गणपतीचं दृश्य टायटलशिवाय स्वच्छ मिळेल.

कॅसेट मिळाल्या तर लगेच लावू नका. माळ्यावरून आणलेल्या कॅसेट एक दिवस कोरड्या खोलीत उभ्या ठेवा. खिडकीतून टेप पाहा. पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटला लागण होते. ती स्वच्छ करणाऱ्याकडेच द्यावी. बाकीच्या आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते, कॅमेऱ्यावर तेच ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ नावाने छापलेलं असतं. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरने घेऊ नका. फायरवायरने कॅसेटवरचे आकडे जसेच्या तसे येतात, तासाला साधारण १३ जीबी. नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. फायरवायर कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप शोधा. शक्यतो ज्या कॅमेऱ्याने घेतलं त्याच कॅमेऱ्यावर चालवा, विशेषतः एलपी मोडमध्ये (एका कॅसेटवर जास्त वेळ मावतो तो) घेतलं असेल तर. दुसऱ्या मशीनवर एलपीची कॅसेट बऱ्याचदा चौकोन टाकते. त्याच्याकडे कॅमेरा अजून असेल तर रविवारी खोक्याबरोबर तोही मागून आणा, आणि त्याचा चार्जर विसरू नका.

कॅसेटवर काय लिहिलंय ते इथे टाका. ६० मिनिटांच्या असतील आणि एलपी नसेल तर त्या रात्रीच्या पाच तरी असायला हव्यात.